प्रयोगापूर्वीचा प्रश्न

१८९७ च्या जानेवारीत, मुंबईत प्लेगने हाहाकार मांडला असताना, ग्रँट मेडिकल कॉलेजातील प्रयोगशाळेत सिद्ध केलेली लस वाल्डेमार हाफकिन यांनी १० तारखेस प्रथम स्वतःस टोचून घेतली आणि पुढे भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा जे कैदी आपण होऊन पुढे आले त्यांना ती टोचली. या पुरुषाच्या धैर्याविषयी आणि त्याने वाचविलेल्या असंख्य प्राणांविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. तथापि बंदिवासात असलेल्या आणि मृत्यू उंबरठ्याशी आलेल्या मनुष्याची इच्छा कितपत स्वाधीन असते, हा प्रश्न प्रयोगापूर्वी विचारण्याचा अधिकार असलेले त्रयस्थ मंडळच त्या काळी नव्हते.

तेव्हाच्या जर्मनीतील ब्रेस्लाऊ येथे अल्बर्ट नायसर या विख्यात वैद्याने तर, उपदंशाच्या रोग्यांचा रक्तद्रव, अन्य विकारांसाठी रुग्णालयात आलेल्या स्त्रियांना त्यांची संमती न घेता टोचला. त्यांतील काहींना पुढे उपदंश जडला, तेव्हा त्या वेश्या असल्याने तो त्यांना व्यवसायातूनच झाला असे त्याने प्रतिपादिले. १८९८ मध्ये हे प्रसिद्ध होऊन गहजब झाला, नायसरला दंड झाला आणि २९ डिसेंबर १९०० रोजी प्रशियाच्या सरकारने हुकूम काढला की, संभाव्य अपाय समजावून सांगितल्याखेरीज व निःसंदिग्ध संमती मिळाल्याखेरीज, तसेच अल्पवयीनांवर, उपचाराव्यतिरिक्त कोणताही प्रयोग करू नये. १९३१ मध्ये जर्मनीत याहून सविस्तर नियम झाले. एवढे नियम असूनही पुढच्या काही वर्षांत त्याच देशाच्या छळछावण्यांत प्रयोगांच्या नावाखाली काय घडले ते सर्वश्रुत आहे. माझ्या मते या इतिहासातील सर्वांत विदारक गोष्ट हीच, की जाबता होता, पण प्रयोगाचा कागद आधी मागवून, वाचून, तो नामंजूर करणारे कोणी नव्हते.

त्या छळछावण्यांतील वैद्यांवरील खटल्याच्या १९४७ च्या न्यूरेंबर्ग निवाड्यातील दहा कलमांनीही संमतीची खातरजमा करण्याचे ओझे संशोधकाच्याच शिरावर ठेवले. अमेरिकेतील टस्कीगी येथे सुमारे चारशे उपदंशग्रस्त कृष्णवर्णीयांना, पेनिसिलिन उपलब्ध झाल्यावरही, केवळ रोगाची गती पाहण्यासाठी उपचारावाचून ठेवले गेले; १९३२ पासून चाललेला हा प्रकार १९७२ मध्ये वृत्तपत्रांतून उघडकीस आला आणि १९७४ मध्ये तेथे प्रयोगांची आधी छाननी करणाऱ्या समित्यांचा कायदा झाला. पाठोपाठ १९७५ मध्ये टोकियो येथे, १९६४ च्या हेलसिंकी घोषणेत दुरुस्ती करून, संशोधनाचा आराखडा स्वतंत्र समितीपुढे ठेवावा असे जागतिक वैद्यक संघटनेने ठरविले.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८० मध्ये माणसांवरील संशोधनातील नीतीविषयीचे आपले धोरण जाहीर केले. २०१९ च्या नियमांनुसार औषधचाचणीस मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीत किमान सात सभासद असावे लागतात. अध्यक्ष संस्थेबाहेरचा, एक कायदा जाणणारा, एक स्त्री आणि एक सामान्य नागरिक अशी तिची रचना असते, आणि ज्या प्रस्तावात एखाद्या सभासदाचे हितसंबंध गुंतले असतील त्याच्या निर्णयात त्याने भाग घ्यावयाचा नसतो.

यांतील सामान्य नागरिकाची जागा मला सर्वांत मोलाची वाटते. त्या जागेसाठी पाचारण झाले तर वाचकाने ते नाकारू नये. आणि रुग्णापुढे ठेवावयाच्या संमतिपत्रातील जे वाक्य स्वतःस उमगणार नाही, ते विद्वानांच्या सभेत निःसंकोच अडवून धरावे.