अंगाचा वर्ण आणि वस्त्राचा रंग

कोणत्या वर्णाच्या माणसास कोणता रंग खुलून दिसतो, हा प्रश्न आज कापड घेतांना घरोघरीं निघतो. परंतु तो विचारण्याची मोकळीक सर्वांस मिळाली, त्याला फार काळ लोटलेला नाहीं. पूर्वीं वस्त्राचा रंग रूढीनें ठरे. नवरीची अष्टपुत्री पिवळी, डोहाळजेवणाचें लुगडें हिरवें, आणि केशवपन झालेल्या विधवेच्या नशिबीं तांबडें आलवण. नेसणारी गोरी कीं सांवळी, हें कोणी पाहत नसे.

रूढीच्या जोडीला रंगद्रव्यांचीहि मर्यादा होती. धाराशिव जिल्ह्यांतील तेर म्हणजेच प्राचीन तगर, असें जे. एफ्. फ्लीट यांनीं १९०१ सालीं प्रतिपादिलें. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर नगर सांगितलें आहे. तेथून साधें कापड व नाना तऱ्हेची मलमल गाड्यांतून भडोच बंदरीं जाई. कापड मुबलक होतें. परंतु तें रंगविण्यास आपल्या देशांत पुढें कित्येक शतकें नीळ, मंजिष्ठ, आल, कुसुंबा, हळद अशा वनस्पतींचाच मुख्य आधार होता. हळदीचा रंग उन्हानें उडे. पक्क्या रंगास श्रम फार. १८५६ सालीं लंडनमध्यें पर्किन यांस कृत्रिम जांभळा रंग गवसला. १८९७ सालीं जर्मनींत तयार झालेली कृत्रिम नीळ बाजारांत आली. रंग स्वस्त झाले, तेव्हां कोठें निवडीला अर्थ आला.

निवडीचें शास्त्र मात्र त्याआधींच सिद्ध झालें होतें. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यांतील रंगविभागाचे प्रमुख शेव्रल यांनीं १८३९ सालीं दाखवून दिलें कीं, शेजारीं ठेवलेले दोन रंग एकमेकांचें रूप पालटतात. फिकट हिरव्या वस्त्राजवळ निस्तेज गोरा चेहरा किंचित् गुलाबी भासतो, तो यामुळेंच.

आपल्याकडे मात्र निवड हातीं येतांच एक नवी सक्ती घरांत शिरली. सांवळ्या मुलीनें लाल, पिवळा, गर्द हिरवा रंग वापरूं नये. फिकट रंगांत वर्ण झांकून घ्यावा! वधूपरीक्षेच्या दिवशीं तर हा उपदेश हमखास होतो. शाळेच्या संमेलनांतहि अशा मुलींना लाल लुगडें नाकारलेलें मीं पाहिलें आहे, आणि त्यांचे उतरलेले चेहरेहि.

ज्या जिल्ह्यांत तेर आहे, त्याच जिल्ह्यांत तुळजापूर आहे. भवानीची मूर्ति काळ्या पाषाणाची. तिला भरजरी, ठसठशीत रंगांचीं वस्त्रें नेसवितात, आणि त्यांत तिचें तेज दुणावतें. पंढरीचा विठ्ठल काळा, त्याचा पीतांबर पिवळा. अजिंठ्याच्या चित्रकारांनींहि श्यामवर्णी व्यक्ति गौरवर्णीयांइतक्याच आदरानें रंगविल्या आहेत. गडद वर्णावर तेजस्वी रंग उठून दिसतो, हें आपल्या पूर्वजांच्या डोळ्यांस ठाऊक होतें. फिकट रंगाचा उपदेश शास्त्रांतून आलेला नाहीं. तो सांवळेपणाच्या लाजेंतून आलेला आहे.

तेव्हां कापड घेतांना तें दुकानाच्या दिव्याखालीं न पाहतां दारांत, दिवसाच्या उजेडांत हनुवटीखालीं धरावें. चेहरा उजळ व टवटवीत वाटला, तर रंग शोभला. नुसतें कापडच नजरेंत भरलें, तर तो बाजूस ठेवावा. ही परीक्षा गोऱ्यासांवळ्यांस सारखीच. ती करून पाहण्यापूर्वीं कोणत्याहि मुलीस ‘हा रंग तुझ्यासाठीं नव्हे’ असें सांगूं नये.