बांबूचे परवाना-पुस्तक ग्रामसभेकडे
रामदासपेठ, नागपूर : २७ एप्रिल

२०११ साली आजच्याच दिवशी गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या छोट्या गोंड गावात तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी बांबू वाहतुकीचे परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हवाली केले. मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण हजर होते.

सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क गावाला २००९ मध्येच मिळाला होता. पण परवाना वनखात्याच्या हाती असेल, तर तोडलेला बांबू वेशीबाहेर न्यायचा कसा? हक्क कागदावरच राहतो. त्या लहानशा पुस्तकाने तो खरा झाला. तोड कधी, विक्री कोणाला, हे सर्वसहमतीने गावच ठरवू लागले. गडचिरोलीत आज कितीतरी ग्रामसभा बांबू-तेंदूचे सौदे स्वतः करतात, ती वाट मेंढ्यातूनच गेली आहे.