घराआधीचा पानकळा

आमच्या भिवापुरात जुनी माणसं जमिनीला नुसतं जमीन म्हणत नसत. कन्हार, मोरंड, खरडी, बरडी असं नाव घेऊनच तिच्याबद्दल बोलणं व्हायचं. कन्हार म्हणजे काळी, भारी. तिच्यात मिरची, गहू, जवस. बरडी म्हणजे उंचवट्यावरची मुरमाड. तिथं पीक फारसं येत नाही, म्हणून घर तिथं. कमवायचं कन्हारात नि राहायचं बरडीवर, असा आमच्या आजोबांचा, आबाजींचा हिशेब होता. आता गावाच्या कडेनं वावरांचे लेआउट पडताहेत. मिरचीच्या रानात चुन्याच्या रेघा दिसतात, तेव्हा आबाजींची फार आठवण येते.

आमचं जुनं घर त्यांनी बांधलं तेव्हा बाबा पाटीवर अक्षरं गिरवत होते. नक्की साल घरात कोणालाच सांगता यायचं नाही; ‘रेशनचे दिवस होते’ एवढंच आजी म्हणायची. जागा बोराट्या आणि पळसाच्या खुंटांनी भरलेली. आबाजींनी एकेक खुंट मुळासकट उपटवला. जमिनीत राहिलेलं मूळ कुजतं, तिथं पोकळी होते, वाळवी शिरते आणि काही वर्षांनी वरची फरशी खचते, हे त्यांना कोणी शिकवलं असेल कोण जाणे. मग वरची वीतभर माती खरडून, बंडीत भरून वावरात नेऊन टाकली. “घराखाली सोनं कावून पुरावं मानसानं?” हे आजीचं त्यावरचं बोलणं.

पायवा खणायचा तो पक्का मुरूम लागेपर्यंत. किती खोल, याबद्दल घरात एकमत नव्हतं. आबाजी कधी चार फूट सांगायचे, कधी सहा. आजीच्या तोंडी तो पुरुषभर झाला होता. पहारीच्या आवाजावरून ते ओळखायचे म्हणे. मऊ मातीत पहार मुकाट रुतते, मुरमावर ती खणकन वाजून हाताला झिणझिण्या आणते.

जोत्यात मुरमाची भर घातली, तीही एकदम ओतून नव्हे. एक थर पसरायचा, पाणी मारायचं, धुम्मसानं चोपायचा, मग दुसरा. बाया डोक्यावरून गुंडानं पाणी आणायच्या. दुपारी सगळ्यांना ज्वारीची भाकर, कांदा आणि भिवापुरी मिरचीचा ठेचा, वर जवसाच्या तेलाची धार. ती मिरची लहानखुरी, लालभडक आणि कानाच्या पाळ्या तापवणारी. पुढे तिला भौगोलिक मानांकन मिळालं, पण धुम्मस चालवणाऱ्यांनी तिची कीर्ती कधीच कबूल केली होती. देठं खुडायच्या सातऱ्यावरून आजी घरी आली की तिच्या हातांची आग रात्रीपर्यंत जायची नाही. तरी दुसऱ्या दिवशी ठेचा तिच्याच हातचा.

जोतं तयार झाल्यावर शेजारपाजारचे विचारू लागले, भिंती कधी? आबाजी म्हणाले, “मातीले एक पानकळा पानी पिऊ द्या, मंग पाहू.” आषाढ-श्रावण जोतं उघडं राहिलं. जिथं खड्डा पडला तिथं आणखी मुरूम घातला, पुन्हा चोपला. पाणी कुठून येतं आणि कुठं साचतं, हे आबाजी पावसात डोक्यावर घोंगडी घेऊन पाहत बसायचे. भिंती उभ्या राहिल्या दसऱ्यानंतर. कवेलू चढले त्या दिवशी गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजले आणि वांग्याच्या भाजीचा गंज शेवटी पुसून खाल्ला, असं आत्याबाई अजून सांगते.

पक्का मुरूम लागेपर्यंत खणण्यामागचं कारण मला फार उशिरा कळलं. काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसते. वैशाखात तिच्या भेगांत हात जातो. घराच्या एका कोपऱ्याला न्हाणीचं पाणी मिळत राहतं, दुसरा कोरडा राहतो. मग एक उचलला जातो, दुसरा बसतो आणि मधली भिंत तडकते. आमच्या काकाजींनी लग्नाच्या घाईत कन्हारातच दोन फुटांच्या पायव्यावर घर उभं केलं. दुसऱ्याच उन्हाळ्यात चौकटीच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग निघाली. आबाजी एक शब्द बोलले नाहीत. त्यांनी फावडं घेतलं आणि न्हाणीचं पाणी भिंतीपासून लांब काढून दिलं. अशा मातीसाठी रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं तळाशी फुगीर असलेले काँक्रीटचे खांब विकसित केले. ते साधारण साडेतीन मीटर खाली नेतात, कारण तिथली ओल ऋतूप्रमाणे फारशी बदलत नाही. आबाजींनी हेच पहारीनं शोधलं होतं.

त्यांच्या वडिलांनी म्हणे नागपूर-नागभीड छोट्या रेल्वेच्या मातीकामावर मजुरी केली होती. ती गाडी 1908 साली सुरू झाली. 2019 च्या नोव्हेंबरात मोठ्या रुळांसाठी ती बंद झाली, तेव्हा पुन्हा भरावाचं काम आलं. धुम्मसाच्या जागी रोलर आला, पण थर, पाणी आणि दाब हा क्रम तोच.

22 एप्रिल 1988 ला वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाची पायाभरणी राजीव गांधींच्या हस्ते झाली. धरण पवनी तालुक्यातलं, पण बुडिताची झळ आमच्या भागालाही लागली. आत्याबाईचं सासरचं गाव त्यात गेलं. पुनर्वसनात अख्ख्या गावासाठी नवी जमीन तयार करायची म्हणजे मोजणी, सपाटी, रस्ते, नाल्या, विहीर, शाळा आणि मसणवटासुद्धा. त्यासाठी दुसऱ्या कोणाची तरी वावरं घेतलेली असतात. आत्याबाईचे सासरे प्लॉट पाहायला गेले, तेव्हा त्या वावराचा जुना मालक धुऱ्यावर बसलेला होता. सासऱ्यांनी त्याच्याजवळ बसून विचारलं, “भाऊ, तुह्या वावरात पानी कोठी साचे?” त्यानं उठून सगळं दाखवलं: इथं पऱ्हाटी सडायची, इथं जुनी विहीर बुजवली आहे, हा तुकडा पक्का. एकाचं घर गेलेलं, दुसऱ्याचं वावर. आत्याबाईच्या घराचा कोपरा त्या माणसाच्या सांगण्यावरून सरकवला, आणि तिथल्या वास्तूला पहिलं ताट त्याचंच वाढलं गेलं.

माझ्या पुतण्यानं परवा अशाच एका लेआउटमध्ये प्लॉट घेतला. सातबारा, अकृषक परवानगी, मोजणीचा नकाशा, सगळं त्यानं नीट पाहिलं. मी त्याला म्हटलं, हे वावर ज्यानं नांगरलं त्याला एकदा भेटून ये. वरची काळी माती ट्रॅक्टरनं कोणाच्या तरी शेतात पाठव, ती बनायला किती पिढ्या गेल्या असतील. भर थराथरानं घाल आणि मग भिंतींना दिवाळीनंतर हात लाव. तो म्हणाला, काकाजी, नागपुरातल्या खोलीचं चार महिन्यांचं भाडं जास्तीचं पडेल. मी म्हटलं, ते भाडं माझ्याकडून घे.