हंगामी कारखाना, बारमाही औषध

तुकोबांची पालखी अकलूज सोडून माळीनगर, बोरगाव करीत पंढरीकडे सरकते, त्याच टापूत श्रीपूर आहे. माळशिरस तालुक्यातले हे गाव मुळी साखरेसाठीच जगाला ठाऊक झाले. १९३२ साली देशी साखरेला संरक्षक जकातीचे छत्र मिळाले आणि नीरेच्या पाण्यावरच्या या मुलुखात कारखान्यांची धुराडी उभी राहू लागली. माळीनगरला सासवडच्या माळी मंडळींचा कारखाना झाला; श्रीपूरचा कारखाना चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटने उभारला. पुढे सहकाराचे युग आले, आणि श्रीपूरचे नाव पांडुरंग सहकारी कारखान्याशी जोडले गेले. हा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे, अजूनही लिहितील. मला सांगायची आहे ती त्याच्या पोटातली एक लहानशी गोष्ट: कारखान्यात जन्म घालवलेल्या माणसाला म्हातारपणी रोज घ्याव्या लागणाऱ्या गोळीचे पैसे कोणी द्यायचे?

ही गोष्ट एका शब्दाभोवती फिरते. तो शब्द म्हणजे ‘हंगामी’.

१९४३ साली, युद्ध चालू असतानाच, हिंदुस्थान सरकारने प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपविले. १९४४ साली त्यांनी अहवाल दिला, तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. त्याच सुमारास भोर समिती साऱ्या देशाच्या आरोग्याचा विचार करीत होती. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणालाही औषधोपचार नाकारला जाऊ नये, हे तत्त्व तिने १९४६ च्या अहवालात स्वच्छ मांडले. आडारकरांचा आराखडा सुधारून, वाढवून १९४८ साली कामगार राज्य विमा कायदा झाला. मालकाने काही द्यायचे, कामगाराने काही द्यायचे, आणि त्या निधीतून दवाखाना, औषध व आजारपणातला भत्ता मिळायचा. स्वातंत्र्याला एक वर्षही पुरे झाले नव्हते. अशा वेळी केलेले हे काम लहान नव्हते.

पण कायद्याच्या आरंभीच एक अपवाद घातलेला आहे. हा कायदा हंगामी कारखान्यांना लागू नाही. हंगामी म्हणजे कोणते, त्याची यादीही दिली आहे, आणि त्या यादीत साखर आहे, गूळसुद्धा आहे.

वरवर पाहता यात वावगे काही दिसत नाही. ज्याची मजुरी चारपाच महिनेच चालते, त्याची वर्गणी बारा महिने कशी कापणार? पण कारखाना ज्याने आतून पाहिला आहे, तो येथे अडखळेल. दसऱ्याच्या सुमारास बॉयलर पेटतो, गव्हाणीत मोळी पडते, आणि गळीत सुरू होते, ते उन्हाळ्याच्या तोंडाशी संपते, हे खरे. मात्र गळीत संपले की फिटरचे काम संपत नाही. ते तेव्हाच खरे सुरू होते. रोलर उतरवायचे, नळ्या साफ करायच्या, झिजलेले सुटे भाग बदलायचे. कारखान्यात हंगामी कामगार असतात तसे कायम कामगारही असतात, आणि त्यांची हजेरी बारा महिने लागते. कायद्याने मात्र माणसाचा हंगाम पाहिला नाही, कारखान्याचा पाहिला. तीस-पस्तीस वर्षे अखंड नोकरी केलेला फिटरही कायद्याच्या नजरेत हंगामी कारखान्याचाच माणूस राहिला.

त्याच जिल्ह्यात सोलापूर शहरात गिरणीकामगार होता. तो विम्यात आला. त्याच्यासाठी शहरात विम्याचे रुग्णालय झाले. त्या दवाखान्यांतल्या रांगा आणि औषधांचा तुटवडा यांविषयी कामगार जे बोलत, ते सगळेच छापण्याजोगे नाही. तरीही हक्क होता. किमान पाच वर्षे विम्यात राहून जो निवृत्तीच्या वयाला पोचला, त्याला महिना १० रुपये भरून स्वतःसाठी व पत्नीसाठी औषधोपचार चालू ठेवण्याची सोयही पुढे नियमांत झाली. पुष्कळ गिरण्या त्याआधीच बुडाल्या, ही निराळी कथा. श्रीपूरच्या माणसाला ही दहा रुपयांची वाट मुळातच नव्हती. पाचशेहून अधिक कामगार असले तर कारखान्यात उपचाराची खोली हवी, असे १९४८ च्याच कारखाने कायद्याने सांगितले. पण ती बोट चिरडलेल्या कामगारासाठी होती, घरी बसलेल्या म्हाताऱ्यासाठी नव्हे.

म्हातारपणाच्या औषधाला सरकारे बिचकतात, हे केवळ आपल्याकडचे नाही. शस्त्रक्रिया एकदा होते आणि संपते. रक्तदाबाची गोळी माणसाबरोबरच संपते. इंग्लंडने ५ जुलै १९४८ रोजी सर्वांना औषध फुकट केले. तीन वर्षांत चष्म्यांना आणि कवळ्यांना पैसे घेण्याचे ठरले, तेव्हा त्या योजनेचा जनक बेव्हन मंत्रिपद सोडून गेला. १९५२ साली औषधाच्या चिठ्ठीवर एक शिलिंग बसला, १९६५ साली उठला, १९६८ साली पुन्हा बसला. मात्र या वेळी ६५ वर्षांवरच्यांना त्यातून वगळले. अमेरिकेने १९६५ साली वृद्धांसाठी सरकारी विमा काढला, पण घरी घ्यायची औषधे त्यात धरली नाहीत. ती धरायला २००६ साल उजाडले, आणि तीही अशा अटीवर, की सरकारने औषध कंपन्यांशी भावाची घासाघीस करायची नाही! एवढा मोठा गिऱ्हाईक, आणि त्याचेच तोंड बांधलेले. ती गाठ सैल करणारा कायदा २०२२ साली झाला.

आपण निराळा मार्ग धरला. गोळीचे पैसे सरकारने भरण्याऐवजी गोळीच स्वस्त करावी, असा तो मार्ग होता. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स निघाली आणि सरकारी कारखान्यात पेनिसिलिन होऊ लागले. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधावरचा मक्ता काढून केवळ ते करण्याच्या कृतीवर ठेवला. त्यामुळे परदेशी औषध दुसऱ्या कृतीने येथे करता येऊ लागले. भावनियंत्रणही आले, पण त्याची मूठ सैल होत गेली: १९७९ साली ३४७ मूळ औषधे त्यात होती, १९८७ साली १४२ उरली, १९९५ नंतर पाऊणशेच्या आसपास. २०१३ साली अत्यावश्यक औषधांची यादी धरून ते पुन्हा रुंदावले. २००८ पासून जनऔषधीची दुकाने निघाली. मेटफॉर्मिन, ॲमलोडिपिन ही आज येथे स्वस्त आहेत, याचे श्रेय या धोरणाला दिलेच पाहिजे. (साखर करणाऱ्यालाच साखरेचा आजार व्हावा आणि त्याने त्या गोळ्या मोजाव्यात, याला काय म्हणावे!)

पण स्वस्त म्हणजे फुकट नव्हे, आणि स्वस्ताई खिसा पाहूनच ठरते. कारखान्यातून निवृत्त झालेल्याचा खिसा म्हणजे १९९५ च्या योजनेची पेन्शन. तिची किमान रक्कम २०१४ साली ठरली, ती महिना १,००० रुपये. त्यात नवराबायकोंच्या गोळ्या, तपासण्या, आणि तालुक्याला जाण्यायेण्याचे भाडे. त्या पेन्शनरांच्या मोर्च्यांतली मागणी वर्तमानपत्रांत येते ती ७,५०० रुपयांची म्हणून. दोघांना मोफत औषधोपचार मिळावा हे त्याच मागणीचे दुसरे अंग आहे.

मधल्या काळात सरकारने काही केलेच नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम आली, त्यांत सोलापूर होते. २०२४ साली सत्तरीपुढच्या सर्वांना ५ लाखांपर्यंतचे उपचार आयुष्मान योजनेत आले. पण या दोन्ही योजना मुख्यतः रुग्णालयातल्या खाटेच्या आहेत. पक्षाघात झाला तर लाखो रुपये आहेत. तो होऊ नये म्हणून रोज घ्यायच्या गोळीला त्यांत जागा नाही. तिच्यासाठी सरकारी दवाखाना आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत तपासणी व औषध विनामूल्य झाले. आता सारे त्या दिवशी गोळी शिल्लक आहे की नाही यावर आले. ती नसेल, तर औषधाच्या दुकानाचा रस्ता समोरच असतो.

इकडे जुने कामगार कायदे गुंडाळून २०२० साली सामाजिक सुरक्षेची नवी संहिता झाली. तिच्यातही हंगामी कारखान्यांचा अपवाद राहिला, आणि त्यांची यादीही तीच: कापसाचे जिनिंग, कापूस व तागाचे गठ्ठे, भुईमुगाची फोड, कॉफी, नीळ, लाख, रबर, साखर, गूळ, चहा. निळीचे ते जुने कारखाने जर्मनीच्या रासायनिक रंगांनी पहिल्या महायुद्धाच्या आधीच जवळजवळ बुडविले होते.