झोजिलाचा बर्फ आणि लेहची धावपट्टी

जानेवारी आला की रील्समध्ये पांढरंशुभ्र लेह दिसायला लागतं आणि आपल्याला वाटतं, तिथं कमरेएवढा बर्फ पडत असणार. तसं नाहीये. लेह म्हणजे साडेअकरा हजार फुटांवरचं वाळवंट. वर्षभराचा पाऊस आणि वितळवलेला बर्फ मिळून साधारण 100 मिलिमीटर. तिथली शेती चालते ती वरच्या डोंगरांत साठलेल्या बर्फाच्या पाण्यावर.

गंमत बघा, श्रीनगरहून लेहला जाताना लागणारी झोजिला खिंड जवळपास तेवढ्याच उंचीवर आहे, पण तिथं हिवाळ्यात कित्येक फूट बर्फ साचतो. पश्चिमेकडून येणारे ढग हिमालयाच्या मुख्य रांगेला अडतात आणि तिथंच रिकामे होतात. महाबळेश्वर धो धो आणि त्याच सातारा जिल्ह्यातला माण तालुका कोरडा, तसलाच प्रकार. 1948 मध्ये लेहचं काय होणार हे बरंचसं या खिंडीतल्या बर्फावर अवलंबून होतं.

त्या फेब्रुवारीत गिलगिट आधीच गेलेलं होतं, स्कर्दूला वेढा पडला होता. पुढचा नंबर लेहचा. आणि लेहमध्ये संरक्षणाला जेमतेम मूठभर शिपाई. मदत पाठवायची तर कुठून? झोजिला बंद. सगळे म्हणणार, मे-जूनपर्यंत थांबा.

डोग्रा रेजिमेंटचे मेजर ठाकूर पृथी चंद थांबले नाहीत. ते लाहौलचे, म्हणजे बर्फातच वाढलेले. नात्यातले कॅप्टन खुशाल चंद आणि चाळीसेक स्वयंसेवक सोबत घेऊन ते 16 फेब्रुवारीला श्रीनगरहून निघाले. लेहच्या लोकांना शिकवून फौज उभी करायची, म्हणून जास्तीच्या बंदुकाही बरोबर होत्या. भर हिवाळ्यात ओझी घेऊन खिंड ओलांडायची, वर हिमस्खलनाची टांगती तलवार. 8 मार्चला ते लेहला पोहोचले. तीन आठवडे! आज विमानाने तासाभराचंही अंतर नाही.

त्यांच्यासोबत एक इंजिनियरही होता, लडाखचाच, सोनम नोर्बू. माझ्यासाठी या गोष्टीचा खरा हिरो हाच. त्याला धावपट्टी बांधायची होती. यंत्रं नाहीत, कुदळ, फावडी आणि गावकऱ्यांचे हात. सिंधूकाठी स्पितुकजवळ एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात पट्टी तयार! सांगतात, की त्याला 13,000 रुपये दिले होते, त्यातले 10,891 खर्च झाले आणि उरलेले त्याने परत केले. (आमच्या प्रोजेक्टमध्ये बजेट उरल्याचं मी अजून तरी ऐकलेलं नाही.)

मग मे उजाडला आणि उलटाच न्याय झाला. बर्फ वितळायला लागला आणि वाट मोकळी व्हायच्या ऐवजी तुटली, कारण कारगिल शत्रूच्या हातात गेलं. आता जमिनीवरून लेहला पोहोचणं अशक्य. 24 मेला एअर कमोडोर मेहर सिंग यांनी त्या मातीच्या पट्टीवर डाकोटा उतरवलं. सोबत होते जनरल थिमय्या. त्या विमानात हवेचा दाब राखायची सोय नव्हती आणि मध्ये उभे हिमालयाचे डोंगर. पट्टी चालते हे कळलं आणि जूनपासून गुरखा जवान विमानाने लेहला उतरायला लागले. नोर्बूने उन्हाळ्याची वाट बघितली असती तर?

झोजिला परत घ्यायला मात्र नोव्हेंबर उजाडला. आधीचे पायदळाचे हल्ले फसले होते. थिमय्यांनी मग 7 लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे वर चढवायचं ठरवलं. बुरूज काढून, झाकून, गुपचूप आणले, जेणेकरून कुणाला सुगावा लागू नये. हवामानामुळे हल्ला पुढे ढकलावा लागला, आणि शेवटी 1 नोव्हेंबरला रणगाडे खिंडीत घुसले. एवढ्या उंचीवर रणगाडा येईल असं समोरच्यांच्या डोक्यातही नव्हतं. त्याच महिन्याच्या अखेरीस कारगिल परत मिळालं आणि श्रीनगर-लेह वाट जोडली गेली.

पृथी चंद आणि खुशाल चंद, दोघांनाही महावीर चक्र मिळालं. आज झोजिलाखालून 13 किलोमीटरहून लांब बोगदा खणणं चालू आहे. तोवर बर्फाचा जोर वाढला की खिंड अजूनही बंद होते, आणि लेहला जायचं तर त्याच स्पितुकजवळच्या विमानतळावर उतरावं लागतं.