सौदी अरेबियात दुचाकी धुण्याची द्रव्ये : निवड आणि दक्षता

सौदी अरेबियात मोटारसायकलीवर बसणारा मळ महाराष्ट्रातील पावसाळी चिखलापेक्षा निराळा असतो. वाळवंटी वाऱ्याबरोबर येणाऱ्या धुळीत क्वार्ट्‌झचे सूक्ष्म कण असतात. मोह्स काठिण्यश्रेणीत क्वार्ट्‌झचे स्थान ७ असल्याने कोरड्या फडक्याने टाकी पुसणे म्हणजे तिच्यावर पॉलिश कागद फिरवण्यासारखेच होय. जेद्दा, दम्माम या किनारी शहरांत त्यात खाऱ्या, दमट हवेची भर पडते. म्हणून प्रथम केवळ पाण्याने धूळ वाहू द्यावी, साबण त्यानंतर.

वाहनासाठी बनवलेला, सामू सातच्या आसपास असलेला शाम्पू सर्वांत सुरक्षित. अरबी वेष्टनावर ‘मुतआदिल’, म्हणजे उदासीन, हा शब्द शोधावा. भांडी घासण्याचा द्रव स्वस्त असला तरी तो रंगावरील मेणाचा थर उतरवतो, शिवाय अशा अनेक द्रवांत घट्टपणासाठी मीठ घातलेले असते. समुद्रकाठी राहणाऱ्याने आणखी मीठ विकत घेण्याचे कारण नाही.

खरा धोका तीव्र द्रव्यांचा आहे. कॉस्टिक सोडा असलेले तेलकाढू द्रव इंजिनाच्या ॲल्युमिनियमला खातात व त्यावर डाग पाडतात. चाके चकचकीत करणाऱ्या काही द्रव्यांत हायड्रोफ्लोरिक आम्ल किंवा अमोनियम बायफ्लोराइड असते. ते त्वचेतून आत शिरते आणि वेदना कधी कधी काही तासांनी सुरू होतात. तोवर पुष्कळ हानी झालेली असते. घरगुती वापरासाठी असे द्रव्य घेऊच नये. वेष्टनावर हात व धातू झिजताना दाखवणारे चिन्ह असेल, तर घटकांची यादी वाचल्याशिवाय ते हाती धरू नये.

अनेक जण एकत्र राहतात अशा खोल्यांत न्हाणीघरातच क्लोरॉक्ससारखे विरंजक द्रव आणि आम्लयुक्त टॉयलेट क्लीनर शेजारी ठेवलेले असतात. दोन्ही मिसळल्यास विषारी क्लोरिन वायू निघतो. साखळीचा काळा मळ जावा म्हणून ‘थोडे हे, थोडे ते’ करण्याचा मोह बंद जागेत जिवावर बेतू शकतो. श्वास कोंडल्यास तत्काळ मोकळ्या हवेत यावे आणि ९९७ या क्रमांकावर रेड क्रिसेंटची रुग्णवाहिका बोलवावी.

साखळीसाठी पेट्रोल वर्ज्य. ते भडका घेणारे आहेच, शिवाय साखळीतील रबरी ओ-रिंग बिघडवते. साखळीसाठीचे खास द्रव उत्तम. तेही मागील ब्रेकडिस्कवर उडू देऊ नये. टायर काळेभोर दिसावेत म्हणून मारलेला सिलिकोनचा फवारा तर चाकाच्या भूपृष्ठस्पर्शी भागावर व डिस्कवर मुळीच नको. पकड सुटते, ब्रेक लागत नाही. अमोनियायुक्त काचक्लीनरने पॉलिकार्बोनेटच्या पुढील पडद्याला तडे जातात. मॅट रंगाला चमक देणारे पॉलिश लावू नये.

उन्हाळ्यात तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये. शाम्पू उन्हात वाळतो, पाण्यातील क्षारांचे पांढरे ठिपके उमटतात. म्हणून सकाळी लवकर किंवा सूर्यास्तानंतर, सावलीत धुणे श्रेयस्कर. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२ ते ३ उन्हात काम करण्यास कामगारांना सरकारी बंदी असते. त्या वेळेत गाडी धुण्यासाठी बाहेर पडणेही तितकेच अनुचित. शेवटी धुतलेली गाडी मायक्रोफायबरच्या कापडाने टिपून घ्यावी, थोडे अंतर हळू चालवून ब्रेक दाबून पाहावेत आणि साखळीला नवे वंगण द्यावे.