दहा रुपयांची बंदूक

पुण्याहून कवठे येमाईकडे निघालो की वाटेत कोरेगाव भीमा लागते, आणि १ जानेवारी १८१८ च्या लढाईसोबत एक जुना प्रश्न मनात येतो : मराठ्यांनी शस्त्रे विकत घ्यावीत, की घरी घडवावीत? शिवकालात तोफा युरोपीय व्यापाऱ्यांकडून घ्याव्या लागत. घेणारा विकणाऱ्याच्या मर्जीवर राही. महादजी शिंद्यांनी दुसरी वाट धरली. द बॉइनच्या पलटणींसाठी आग्र्याला सँग्स्टर या स्कॉट कारागिराच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जात, बंदुका घडत. बंदुकीला खर्च १० रुपये. या कारखान्याचा आपल्याला अभिमान वाटतो, तो रास्तच. पण शस्त्र घरचे झाले तरी ते घडवून घेणारा आणि पलटणींचा हुकूम देणारा, दोघेही पगारी परके होते. १८०३ मध्ये कंपनीने साद घालताच दौलतरावांचे ब्रिटिश अधिकारी चाकरी सोडून गेले. (त्यांना दोष तरी कसा द्यावा?) ऑक्टोबरात आग्राही पडले. त्याआधी, २३ सप्टेंबरला असईच्या रणात, शिंद्यांच्या तोफांनी वेल्स्लीच्या फौजेची दाणादाण उडवली होती. तोफांत काही उणे नव्हते. गोलंदाजही हटले नाहीत. संगिनी अंगावर येईपर्यंत ते तोफांपाशीच उभे होते.